पोळीभाजी केंद्रातला साउंडबॉक्स: दीड वर्षाच्या वापरानंतर

हे परीक्षण तळहातावर मावेल एवढ्या एका करड्या डबीचे आहे. दुकानदार तिला साउंडबॉक्स, स्पीकर किंवा नुसते 'मशीन' म्हणतात. गिऱ्हाइकाने क्यूआर स्कॅन करून पैसे पाठवले की 'साठ रुपये प्राप्त झाले' असे तिने मोठ्याने सांगायचे, एवढेच तिचे काम. लालबागला चिवडा गल्लीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर माझ्या आत्याचे पोळीभाजी केंद्र आहे. ती माझी आत्या असली तरी गिऱ्हाइकांची मावशी आहे. तिच्या फळीवर दीड वर्षापूर्वी ही डबी आली. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण बाजारात मिळणाऱ्या अशा डब्या कामापुरत्या एकमेकींसारख्याच आहेत आणि खाली जे गुणदोष येतील ते एका कंपनीपुरते आहेत असे मला वाटत नाही.

लोक यंत्रे कशी वापरतात हे त्यांच्या जागेवर जाऊन पाहणे हा माझा व्यवसाय आहे. एखादे ॲप तयार झाले की वातानुकूलित खोलीत चारपाच जणांना बोलावून ते त्यांच्या हाती द्यायचे आणि ते कुठे अडखळतात हे टिपून घ्यायचे, ही आमच्या क्षेत्रातली सोपी वाट; पण त्या खोलीत कणकेने माखलेले हात नसतात, शेजारी मिक्सर चालू नसतो आणि मागे सहा माणसे 'मावशी, आमचं आधी' म्हणत उभी नसतात. म्हणून या डबीवर लिहायचे ठरवल्यावर मी चार संध्याकाळी सहा ते नऊ दुकानात जाऊन बसलो. आत्याने पहिल्याच दिवशी माझ्या हातातली वही पाहिली आणि 'बसायचंच असेल तर मटार सोलत बस' म्हणून सूप पुढे सरकवले. त्याचा मला फायदाच झाला, कारण हात गुंतलेले असताना कान काय काय काम करतात हे मटार सोलता सोलता जितके कळले तितके नुसते बघत बसून कळले नसते.

डबी येण्याआधीची परिस्थिती सांगितल्याशिवाय तिची किंमत समजणार नाही. बँकांमधल्या किरकोळ देवाणघेवाणीची यंत्रणा चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने 2016 मध्ये यूपीआय सुरू केले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी आली, तेव्हा लालबागमधल्या इतर दुकानांप्रमाणे आत्याच्या भिंतीवरही एक क्यूआर चिकटला. पैसे आले की नाही हे मात्र फोन उचलून मेसेज पाहिल्याशिवाय कळत नसे आणि फोन उचलायचा तर हात धुवावे लागत. संध्याकाळी साडेसातच्या गर्दीत दर गिऱ्हाइकामागे हात धुणे शक्य नव्हते, त्यामुळे ती गिऱ्हाइकाच्या फोनवरची हिरवी खूण पाहून मान हलवायची. त्या हिरव्या खुणेची हुबेहूब नक्कल करणारी खोटी ॲप निघाल्यावर मान हलवण्यातला धोका वाढला. आत्याला कोणी फसवले का, हे तिलाही सांगता येत नाही. रात्री हिशेब जुळला नाही तर रक्कम बुडाली की मोजण्यात चुकली, हे ठरवायला तिच्याकडे काही साधनच नव्हते.

ही अडचण डबीने पूर्णपणे सोडवली, हे आधीच सांगून टाकतो. डबीचा गिऱ्हाइकाच्या फोनशी काहीही संबंध नसतो. पैसे गिऱ्हाइकाच्या बँकेतून एनपीसीआयच्या यंत्रणेमार्गे घेणाऱ्याकडे जमा होतात, क्यूआर देणाऱ्या कंपनीला त्याची खबर मिळते आणि ती कंपनी डबीतल्या सिमकार्डावर निरोप धाडते. त्यामुळे फोनच्या पडद्यावर कितीही हिरव्या खुणा दाखवल्या तरी डबी बोलत नाही. लोकांची समजूत मात्र वेगळी असते. पैसे पाठवल्यावर फोन डबीच्या जवळ नेऊन धरणारी माणसे मी रोज पाहिली. एका बाईंनी तर आवाज आला नाही तेव्हा फोन डबीवर दोनदा हलकेच आपटला. आवाज आला आणि 'आत्ता लागलं' म्हणून त्या समाधानाने गेल्या.

आता या वस्तूचा जो गुण कंपनीच्या माहितीपत्रकात नाही त्याविषयी सांगतो. माहितीपत्रकात गल्ल्यावर एकटा बसलेला हसतमुख दुकानदार आहे आणि डबी त्याच्याशी बोलते आहे. आत्याच्या दुकानात चौघीजणी काम करतात: ती स्वतः पुढे, दोघी आत पोळ्या लाटायला आणि भाजायला, एक पार्सल बांधायला. आत्या 'चार-एक' अशी हाक देते, म्हणजे चार पोळ्या आणि भाजीची एक पिशवी. पोळी दहा रुपयांना आणि भाजीची पिशवी चाळीसला. पार्सल बांधणारी मुलगी हाक ऐकून चार पोळ्या कागदात गुंडाळते, पिशवी भरते, पण गाठ मारत नाही. 'ऐंशी रुपये प्राप्त झाले' असे ऐकू आले की गाठ बसते आणि पिशवी फळीवर येते. पहिल्या संध्याकाळी मला वाटले की हा योगायोग असावा. दुसऱ्या संध्याकाळी मी फक्त तिचे हात पाहत बसलो: नेमकी रक्कम ऐकू येईपर्यंत पिशवीची दोन टोके तिच्या बोटांत तशीच धरलेली असत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाची चाळीसची घोषणा झाली तरी ती हलत नसत. तिला कोणी असे करायला सांगितले नव्हते. विचारल्यावर ती म्हणाली, "गाठ मारली की सोडवायला वेळ जातो ना."

आमच्या क्षेत्रात या प्रकाराचे एक जुने आणि गाजलेले उदाहरण आहे. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बेकरलू मार्गाच्या नियंत्रण कक्षात ख्रिश्चन हीथ आणि पॉल लफ या अभ्यासकांनी काम कसे चालते ते बारकाईने पाहिले आणि 1992 मध्ये त्याविषयी लिहिले. गाड्यांचे वेळापत्रक बदलणारा नियंत्रक स्वतःशीच बोलल्यासारखा मोठ्याने बोलत असे आणि शेजारी बसलेला, प्रवाशांसाठी घोषणा करणारा सहकारी ते कानावर पडताच, काही न विचारता, आपले काम सुरू करत असे. बाहेरून पाहणाऱ्याला दोघे आपापल्या कामात गढलेले दिसत, पण एकाचे कान सतत दुसऱ्याच्या कामावर असत. लालबागच्या दुकानात तेच होते, फक्त मोठ्याने बोलण्याचे काम डबी करते. ही डबी दुकानदाराला निरोप देणारे यंत्र म्हणून बनवली गेली आणि चौघींचे काम एकमेकींत गुंफणारी घंटा म्हणून वापरली जाते आहे. ज्यांना एकट्याने चालणारे दुकान आहे त्यांना हा गुण जाणवणार नाही. जिथे मागे स्वयंपाकघर आहे तिथे मात्र केवळ एवढ्यासाठी ती घ्यावी असे माझे मत झाले.

दोष याच गुणाच्या पोटात आहे. डबी रक्कम सांगते, पैसे कोणी दिले ते सांगत नाही. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी दोन गिऱ्हाइकांनी सहा-सहा पोळ्या घेतल्या आणि दोघांनी साठ-साठ रुपये पाठवले. डबी एकदाच बोलली. दोघांच्याही फोनवर हिरवी खूण होती, दोघेही रोजचे होते आणि दोघांपैकी एकाला थांबवणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे. शेवटचा व्यवहार पुन्हा ऐकवणारे एक बटण डबीवर आहे. ते दाबल्यावर तिने पुन्हा 'साठ रुपये' एवढेच सांगितले, जे सगळ्यांना आधीच माहीत होते. आत्याने दोघांनाही पोळ्या दिल्या. बऱ्याच वेळाने, दोघेही घरी पोहोचले असतील तेव्हा, फळीपाशी कोणीही नसताना डबी आपणहून म्हणाली, 'साठ रुपये प्राप्त झाले.' आतून लाटणारी बाई ओरडली, "मावशी, भूत पैसे देऊन गेलं!"

त्यानंतर आत्याने जी युक्ती काढली ती कंपनीच्या एखाद्या अभियंत्याने पाहायला हवी. एकाच रकमेची दोन गिऱ्हाइके एकदम आली की ती एकाला सांगते, "तू एकसष्ट पाठव, रुपया उद्या वळता करते." आता दोन वेगवेगळ्या घोषणा होतात आणि कोणाचे पैसे आले ते ऐकून कळते. ज्या यंत्राला माणूस ओळखता येत नाही त्याला तिने एका रुपयात ओळखायला लावले. त्या जादा रुपयांच्या नोंदी कॅलेंडरवर चुन्याच्या डबीएवढ्या चौकोनांत पेन्सिलीने केलेल्या असतात.

मराठीविषयी वेगळे लिहायला हवे. डबी बसवताना भाषा निवडता येते आणि आत्याने अर्थातच मराठी निवडली. उच्चार स्वच्छ आहेत, 'प्राप्त झाले' हे सरकारी थाटाचे वाटले तरी चुकीचे नाही. 'जमा झाले' म्हटले असते तर घरचे वाटले असते. मराठीत एक ते शंभर या आकड्यांना जवळजवळ प्रत्येकी स्वतंत्र शब्द आहे, आणि हे सगळे शब्द डबीत नीट आहेत. अडचण ऐकणाऱ्यांची आहे. 'एकोणसत्तर' ऐकल्यावर इंग्रजी शाळेत शिकलेली पोरे एकमेकांकडे पाहतात. एकाने 'म्हणजे सेव्हंटी नाइन का?' असे विचारले आणि आत्याने त्याला पार्सलबरोबर उजळणीही दिली. गोंगाटात 'सत्तर' आणि 'बहात्तर', 'पासष्ट' आणि 'सहासष्ट' यांतही घोटाळा होतो, पण तिचे भाव दहाच्या पटीत असल्याने तिला त्याची फारशी झळ लागत नाही. पूर्वी झुणका पस्तीसला होता. तो चाळीस करताना बेसन महागल्याचे कारण तिने सर्वांना सांगितले. मला मात्र हळूच म्हणाली की पस्तीस नीट ऐकू येत नाही.

बांधणीबद्दल थोडक्यात. आवाज भरपूर मोठा आहे, रस्त्यावरच्या बेस्ट बसच्या वर ऐकू येतो. बॅटरी सुरुवातीला दोनतीन दिवस पुरायची, आता दुपारनंतर धरत नाही, म्हणून डबी कायम चार्जिंगला असते. पण फळीजवळ सॉकेट एकच आहे आणि लसणीची चटणी वाटायला मिक्सर लागला की डबीचा प्लग निघतो. जाळीत पीठ बसते, त्यावर फोडणीचा तेलकट थर चढतो; जुन्या टूथब्रशने महिन्यातून एकदा साफ केली नाही तर आवाज घसा बसल्यासारखा येतो. आवाज कमीजास्त करण्याची बटणे इतकी लहान आहेत की कणकेच्या बोटांनी ती दाबली जात नाहीत. बायका कोपराने दाबायला जातात आणि दोन्ही एकदम दाबली जातात. ही वस्तू खाद्यपदार्थांच्या दुकानांत सर्वत्र दिसत असूनही स्वयंपाकघर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली वाटत नाही.

गणपतीचे दहा दिवस ही लालबागमधल्या कुठल्याही यंत्राची खरी परीक्षा असते, आणि डबी त्यात नापास झाली. रांगा गल्लीपर्यंत येतात, प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, रेंज दाखवणाऱ्या रेघा पूर्ण असूनही निरोप पोहोचत नाहीत, आणि ढोलताशांपुढे पोहोचलेला निरोपही कोणाला ऐकू येत नाही. या दिवसांत आत्या क्यूआरवर पंचांगाचे पान लटकवते आणि रोख घेते. मी सुचवले की फोनवर पाहत जा; तिने फोन, परात आणि समोरची रांग यांकडे आळीपाळीने पाहिले आणि उत्तर दिले नाही.

आवाज सगळ्यांना ऐकू येतो याची दुसरी बाजू मला तिसऱ्या संध्याकाळी दिसली. एक वृद्ध गृहस्थ रोज दोन पोळ्या नेतात. त्यांच्याकडे चांगला फोन आहे, पलीकडच्या मेडिकलमध्ये ते स्कॅन करून पैसे देतात, पण इथे मोजून दोन नाणी ठेवतात. डबी येण्यापूर्वी ते इथेही फोननेच देत. कारण त्यांनीच सांगितले: "वीस रुपयांचा पुकारा कशाला?" याउलट महिन्याच्या डब्याचे पैसे देणाऱ्यांना आत्या रात्री शटर खाली आल्यावर पाठवायला सांगते, कारण तेव्हा डबीचा प्लग काढलेला असतो. एकदा भर गर्दीत 'बत्तीसशे रुपये प्राप्त झाले' असे ऐकू आले आणि शेजारच्या दुकानदाराने 'मावशी, चालू द्या' असे म्हटले, ते तिला आवडले नव्हते. रक्कम न सांगता फक्त सूर वाजवण्याची सोय असती तर दोन्ही अडचणी मिटल्या असत्या, पण मग पिशवीची गाठ कशावरून बसणार, हाही प्रश्न आहेच.

भाडे दरमहा 125 रुपये. ते जमेतून आपोआप वळते होते. 1 जानेवारी 2020 पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेण्याची सोय उरली नाही, तेव्हा या डब्यांचे भाडे हे कंपन्यांच्या कमाईचे एक साधन झाले, हे लक्षात घेतले की विक्री प्रतिनिधी इतके चिकाटीने का येतात ते कळते. आत्याच्या उलाढालीला हे भाडे जड नाही. ज्याच्या गाडीवर दिवसाला चारपाचच गिऱ्हाइके स्कॅन करतात त्याने मात्र ते परवडते का याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र डबीच्या भाड्याहून महाग पडली. बसवायला आलेल्या मुलाला बँकेशी जोडलेला स्मार्टफोन हवा होता. आत्याकडे तेव्हा बटणांचा फोन होता. आतेभाऊ समोर होता, त्याचा नंबर दिला गेला, त्याचे खाते जोडले गेले आणि वीस मिनिटांत डबी बोलू लागली. सगळ्यांनी पेढे खाल्ले. आतेभाऊ डोंबिवलीला राहतो, सरळ माणूस आहे, दर रविवारी पैसे आणून देतो. परंतु मंगळवारी सकाळी भाजीवाल्याला रोख द्यायची असते, गॅसवाला रविवारपर्यंत थांबत नाही, आणि रोख देणारी गिऱ्हाइके महिन्यागणिक कमी होत आहेत. दिवसभर डबी 'प्राप्त झाले, प्राप्त झाले' म्हणत असते आणि गल्ल्यात सुटे नसतात. "ऐकू येतात मला, हातात येत नाहीत," असे आत्या एकदा म्हणाली.

याच भागात गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बायका होत्या. आत्याची सासू त्यांपैकीच एक. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि त्यांना बँकेचे कर्ज स्वतःच्या नावावर मिळवून दिले. त्या बायकांना बँकेच्या दारापर्यंत नेण्यासाठी केवढी खटपट करावी लागली असेल. इथे वीस मिनिटांच्या सोयीपायी सुनेची कमाई तिच्या मुलाच्या खात्यात जाऊ लागली, आणि कोणाच्या मनात तसे करायचे नव्हते. डबी बसवणाऱ्या मुलाने 'दुकान कोणाचं?' असे विचारले असते तर पुढचे टळले असते. त्याच्या अर्जात तो रकाना होता की नाही मला माहीत नाही, पण त्याने विचारले नाही एवढे नक्की.

खाते बदलणे हा या सेवेतला सर्वांत वाईट अनुभव ठरला. जुनी डबी जुन्या क्यूआरशी बांधलेली, त्यामुळे नवा क्यूआर, नवी डबी, नवा अर्ज. मदत केंद्रावर चार वेळा फोन केले. प्रत्येक वेळी ओटीपी आतेभावाच्या फोनवर जायचा आणि तो नेमका लोकलमध्ये असायचा. तीन आठवड्यांनी आत्याच्या नावाची डबी आली. यासाठी तिने साधा स्मार्टफोन घेतला आहे, तो कणकेपासून दूर, देव्हाऱ्याशेजारी असतो.

ज्यांना ही डबी घ्यायची असेल त्यांनी घ्यावी. मात्र पैसे ज्याचे त्याच्याच नावाने पहिल्या दिवशी जोडून घ्यावे, सॉकेट वेगळा ठेवावा आणि गर्दीच्या वेळी एका रुपयाची युक्ती लक्षात ठेवावी.

नव्या क्यूआरने एक नवा घोटाळा झाला आहे. रोजच्या काही गिऱ्हाइकांच्या फोनमध्ये जुने नाव जपलेले असते. ते भिंतीकडे न पाहताच पैसे पाठवतात, हिरवी खूण येते आणि डबी गप्प राहते. पार्सल बांधणारी मुलगी पिशवीची टोके धरून आत्याकडे पाहते. आत्या क्षणभर कान देते, मग मान हलवून सांगते, "बांध गाठ. डोंबिवलीला गेले."